बाबांचं अल्ब्युमिन
बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यांचं रक्त मीच काढलं, मशीनवर मीच लावलं. अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन, निम्म्यावर आलं होतं.

रिपोर्ट घेऊन मुलुंडच्या घरी गेले तेव्हा आई भाजी निवडत होती आणि बाबा खाटेवर पडून होते. आयुष्यभर प्यायले. पिऊन आले की आईला पट्ट्यानं मारायचे. त्यांच्या एका थपडेनं माझ्या डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं.

"काय गो, रगतात काय गावला?" बाबांनी विचारलं.

दोन शब्दांत सांगता आलं असतं. मी खुर्ची ओढून बसले.

"रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवतं ते अल्ब्युमिन. ते लिव्हर बनवतं. तुमचं लिव्हर संपलंय, म्हणून पाणी पायात, पोटात झिरपतंय. फायब्रिनोजेन रक्त गोठवतं, तेही लिव्हरच बनवतं. उद्या कुठून रक्त आलं तर लवकर थांबायचं नाही. ग्लोब्युलिन रोगाशी लढतं. तेवढं वाढलंय, पण आता लढून काय करणार?"

त्यांचा चेहरा उतरत गेला. मला ते बघायला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

"मगे मी खाऊ काय? डॉक्टरान अंडी खाऊक सांगल्यान."

डॉक्टरांचं बरोबर होतं. अंडी, मासे द्यायलाच हवे होते. मी म्हटलं, "खाऊन काय होणार? मडक्यालाच भोक पडलंय."

आईनं मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाबांना नुसती पेज मिळू लागली. रविवारी ती आम्हा दोघींसाठी सुरमई तळायची, त्यांच्यासमोरच.

"वायच एक तुकडो दी गो," ते म्हणायचे.

"लेक शिकलेली आसा. तीच म्हणता, उपयोग नाय."

माझ्या तोंडात घास असायचा. मी पुढच्या घासाचे काटे काढायचे.

दीड महिन्यानं त्यांना रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलात सलाइनसारख्या अल्ब्युमिनच्या बाटल्या लावल्या, पण रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

"खाणं कसं होतं?" तरुण डॉक्टरणीनं विचारलं.

"भूकच नव्हती त्यांना," आई म्हणाली.

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली आणि मृत्यूच्या कागदांवर सही केली.

लिव्हर तसंही वाचणार नव्हतं. ते खरंच आहे. पण उपाशी तरी गेले नसते.