थोरलीचा टाक

गेली वीस वर्षं मी लोकांच्या घरातल्या जुन्या पेट्या उपसते. लग्नातली लुगडी, चोळ्या, दागिने आणि त्यांच्यामागच्या समजुती, हा माझा अभ्यास. बाळंतपणात गेलेल्या, विहिरीत सापडलेल्या बायकांचे कपडे मी हाताळलेत. एकीनंही कधी माझा पदर ओढला नाही. त्यामुळे हे तुम्ही खरं मानावं असा माझा आग्रह नाही. मला राग आलाय आणि तो अजून उतरत नाहीये... म्हणून लिहितेय.

नळदुर्गजवळच्या एका बड्या बागायतदारांकडचं लग्न. हायवेला लागून लॉन, किल्ल्यात ड्रोन उडवून झालेलं प्री-वेडिंग, आणि कमानीवर चौदा फुटी फ्लेक्स – घराण्याची अकरा पिढ्यांची वंशावळ. एवढं मोठं झाड, पण बाईचं एक नाव नाही. बायकांशिवाय अकरा पिढ्या वाढवणं हे विज्ञानाला अजून जमलेलं नाही.

नवरदेवाचे वडील तात्यासाहेब. प्रवेशद्वाराशी घरातल्या जुन्या वस्तू मांडायच्या होत्या, त्यांच्या पाट्या लिहायला त्यांनी मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी नवरी, नेहा, दागिने घालून बघत होती. डिझायनरनं देवघरातल्या डब्यातला चांदीचा एक पत्रा काढून सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेत मधोमध ओवला होता. ‘व्हिंटेज पेंडंट’ म्हणे.

“मॅडम, हे सारखं उलटं होतंय,” नेहा म्हणाली.

“एकाच कडीवर लटकतंय, उलटणारच,” मी शहाणपणानं म्हणाले. बाजारातल्या सोनाराकडं नेऊन दोन्ही बाजूंना कड्या झाळून घेतल्या. माझ्या डोळ्यांसमोर. आता पत्रा फिरणं शक्य नव्हतं.

आणि तेव्हा मी त्याची पुढची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. ठोकून उठवलेली बाईची आकृती. देवी नव्हे... सवतीचा टाक. पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा असा टाक बांधायचे. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग दुसरीनं नेसायचं. मेलेलीचा कोप होऊ नये म्हणून. आणि हा टाक आता फोटोत चांगला दिसतो म्हणून एका नव्या मुलीच्या गळ्यात!

मी तात्यासाहेबांना सांगितलं.

“आमच्यात दुसरी बायको कुणी केलीच न्हाय, मॅडम. देवीच आसंल ती. तुम्ही पाटी लिवा – ‘कुलस्वामिनी’.”

मी लिहिली नाही. पण नेहालाही काही सांगितलं नाही. उगाच लग्नात कशाला, असा विचार केला. हा राग माझा माझ्यावरचा.

दुसऱ्या दिवशी, अक्षता पडल्यावर नेहानं मला खूण करून बोलावलं. माळेतल्या सगळ्या पुतळ्या सरळ होत्या. फक्त टाक उलटा. बाईचं तोंड नेहाच्या छातीकडं, पाठ मांडवाकडं. दोन्ही कड्या शाबूत. मी नखानं ओढून पाहिल्या.

“हे नक्की काय आहे, मॅडम?”

मग मात्र सांगितलं.

जेवायला बसल्यावर बायकांनी गिल्ला केला – “नाव घे! नाव घे! आगं लाजतीस काय, फोटोत तर लई धीट होतीस!” नेहानं टाक मुठीत धरला.

“घेते. आधी हिचं नाव सांगा.”

तात्यासाहेबांची आत्या, नव्वदीला टेकलेल्या गयाआत्या, खुर्चीवरून म्हणाल्या, “माझ्या आईच्या गळ्यातला हाय त्यो. माझ्या बापाची पहिली. आई तिला ‘थोरली’ म्हनायची. पैला घास रोज तिला दावायची.”

“आणि नाव?”

“नाव कुणी घेतलंच न्हाय, बाई. म्याबी कधी इचारलं न्हाय.”

“आत्या, कशाला मढी उकरताय आता?” तात्यासाहेब गरजले. “ए ब्यांडवाले, झोपलाव काय? वाजवा!”

वाजवलं. अकरा पिढ्या पाठ असलेल्या माणसाला आजोबांची पहिली बायको झाकायला ब्रास बँड लागला. नेहानं नाव घेतलं नाही. माळ काढून गयाआत्यांच्या ओंजळीत ठेवली.

संध्याकाळी गयाआत्यांकडून माळ मागून घेऊन मी सोनाराकडं गेले. त्यानं भिंग लावून पाहिलं. “ताई, हात माझाच हाय. उघडलेलं न्हाय, तोडलेलं न्हाय. ह्ये वळलं कसं?” मी टाक सोडवून घेतला आणि माळेसकट नेहाला परत दिला.

महिन्याभरानं नेहाचा मेसेज आला. टाक देवघरात ठेवलाय. रोज सकाळी ती तो सरळ करते आणि रोज तो भिंतीकडं तोंड करून सापडतो. सासूबाई भटजी बोलावून शांती करायची म्हणतायत. ‘मॅडम, काय करू?’

मी लिहिलं, ‘गयाआत्यांना थोरलीचं माहेर विचार. तिथं जा. नाव शोध. तोवर तिला वळवू नकोस.’