अडचण काही नाही

भुकूमला मी भाड्याने राहते त्या खोलीची भिंत इतकी पातळ, की शेजारचे शिंकले तरी कळतं. म्हणून दर शनिवारी सकाळी आठला मी खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसायचे, काचा अर्ध्या उघड्या ठेवायचे आणि फोनवर काउन्सेलरशी बोलायचे. मला संधिवात आहे. म्हातारपणीचा नव्हे, चौतिशीतच शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय. तो जात नाही, गोळ्यांनी फक्त आवरतो, तोही त्याच्या मर्जीने. त्याच्यासोबत जगायचं कसं, हे शिकायला डॉक्टरांनी मला तिच्याकडे पाठवलं होतं.

आणि मी काय करायचे, तर रिपोर्ट द्यायचे. हिंजवडीच्या आयटी कंपनीत रोज सकाळच्या मीटिंगमध्ये काल काय केलं, आज काय करणार, अडचण काही नाही, असं सांगायची अकरा वर्षांची सवय. तसंच तिलाही: व्यायाम चालू आहे, झोप बरी आहे, मूड सुधारतोय. आदल्या दिवशी मुद्दे लिहून काढायचे. असे चार महिने गेले. ती 'छान' म्हणाली की बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच इतका राग यायचा की विचारू नका.

पार्किंगला लागूनच घरमालकीणबाईंचा गोठा. जमीन विकून बिल्डिंग बांधली, पण दोन म्हशी काही त्यांनी सोडल्या नाहीत. एका शनिवारी माझा फोन संपला तशा त्या दुधाची बादली घेऊन काचेपाशी आल्या.

"पोरी, बरणीचं झाकण रोज मी उघडून देती. आन् त्या बाईला सांगतीस, बरं हाय."

"मावशी, तुम्ही ऐकता?"

"न ऐकून जाती कुटं? हितंच धार काढती मी."

पुढच्या शनिवारी मुद्दे न लिहिताच बसले. म्हटलं, मी बरी होणार नाहीये. आणखी तीस वर्षं या हातांनी काढायची माझ्यात ताकद नाही, आणि इच्छाही नाही. मग नुसती रडत राहिले. ती या वेळी 'छान' म्हणाली नाही. तिने विचारलं, आत्ता कुठे दुखतंय. मी एकेक बोट सांगत गेले, आणि वेळ संपली.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. इतके महिने दडवलेलं माझ्याच कानावर पडलं होतं आणि ते आता परत घेता येत नव्हतं.

उतरायला गेले तर बोटांना दाराचं हँडल ओढवेना. दोनदा ओढून पाहिलं. शेवटी अर्ध्या काचेतून हाक मारली. मावशींनी बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि बाहेरून दार उघडलं.

"आता हे रोज लागंल व्हय?"

"हो," मी म्हटलं. "रोजच."