अकरा दिवसांची चौकट

वंशवृक्ष सुरू करताना पहिली चौकट स्वतःची भरायची असते. ॲपमध्येच तसं लिहिलं होतं. आधी तुम्ही, मग वर आई-वडील, मग त्यांचे आई-वडील. जानेवारीतला रविवार होता, जेवणं झाली होती. हर्सूल तलावाकडून येणारं वारं गार होतं आणि ऊन मऊ. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आणि स्वतःची चौकट भरली. नाव, जन्मगाव, जन्मतारीख. तारीख एक जून.

ही माझी खरी तारीख नाही. गंगापूरच्या पुढं आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत ज्याच्या घरच्यांना तारीख सांगता आली नाही त्याला गुरुजींनी एक जून दिली. वडिलांना नि दोन चुलत्यांना तीच, थोरल्या भावाला तीच, मला तीच. तासाभरात ॲपनं मला उत्साहानं कळवलं की तुमच्या कुटुंबात पाच जणांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. चुकीचा आकडाही नीट अक्षरात लिहिला की खरा वाटायला लागतो. म्हणून मी पाचही तारखांपुढं ‘अंदाजे’ असं लिहिलं.

मग लिंक पाठवली. थोरल्या भावाला गावी, धाकट्या बहिणीला जालन्याला, आणि चुलत-मावस मिळून आणखी नऊ जणांना. ज्याला लिंक मिळेल त्याला नवी चौकट जोडता येईल आणि जुनी दुरुस्तही करता येईल, अशी मुभा मीच ठेवली होती. सगळ्यांचं झाड, तर कात्री एकट्याच्या हातात कशाला?

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस चौकटी झाल्या. वडिलांच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर होतं म्हणून मिळालं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या पणजीचं नाव कुणालाच सांगता येईना. नावाचा रकाना रिकामा ठेवला तर चौकट जतन होत नव्हती. मी तिथं ‘पणजी’ असं लिहिलं आणि पुढं गेलो.

पडद्यावर बोट ठेवून सरकवलं की सगळं खानदान पाण्यावर सोडलेल्या पानांसारखं हलायचं. एकाला ढकललं की मागून बाकीचे यायचे. मला ते बघत बसावंसं वाटू लागलं. वडील जाऊन बारा वर्षं झाली आहेत, पण त्या पडद्यावर ते आईच्या शेजारी होते आणि दोघं एकदमच सरकत होते.

आई शेजारी येऊन बसली. तिला मी तिची चौकट दाखवली, मग वडिलांची, मग खाली आम्हा मुलांच्या.

“मोज बरं,” ती म्हणाली.

“तीन. दादा, मी, आणि आपली धाकटी.”

“चार.”

मला वाटलं ती स्वतःला किंवा वडिलांना धरून मोजतेय. मी परत बोट ठेवून मोजलं. ती पडद्याकडं बघत नव्हतीच. समोरच्या वाळत घातलेल्या साड्यांकडं बघत होती.

“तुझ्या अन् धाकटीच्या मधी एक पोरगी झाली व्हती. थंडीचे दिवस. रानात हुरडा आलता. अकरा दिवस राह्यली. बाराव्या दिवशी बारसं व्हतं.”

एवढंच सांगितलं तिनं. मग म्हणाली, “लोक इचारतात, लेकरं किती. तीन म्हणते. दर वेळी एक गिळते. हितं तरी चार दिसू दे.”

मी नवी चौकट उघडली. जोडणारी रेघ आईकडून खाली आली आणि माझ्या नि धाकटीच्या मध्ये जागा झाली. पण नावाचा रकाना रिकामा होता आणि खालचं ‘जतन करा’चं बटण फिकट, मेल्यासारखं. मी ‘मुलगी’ असं लिहायला घेतलं.

“काय लिव्हतो?”

“मुलगी. पणजीचं नाही का आपण नुसतं पणजी लिहिलं?”

“पणजीला नाव व्हतं. आपल्याला म्हाईत नाय, एवढंच. हिला नव्हतंच. हिला ठेवावं लागंल.”

“मग सांग, काय ठेवायचं?”

“मी कोण ठेवणार? आत्यानं ठेवायचं असतं.”

त्या आठवड्यात मला एक जुना हिशेब सुटला. माझी सगळ्यात पहिली आठवण एका झोळीची आहे. आढ्याला बांधलेली, तांबड्या लुगड्याची झोळी. कवाडाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते आणि झोळी हलली की ती पट्टी कापडावरून वर-खाली फिरते. ओवा-शेपांच्या धुरीचा वास येतो. झोळीच्या कडेवरून एक मूठ बाहेर आलीय, बोराएवढी. मी खाली उभा आहे आणि झोळीचं बूड माझ्या डोक्याच्या वर आहे. धूर त्या उन्हात हळूहळू फिरतो, आणि बस्स, पुढं काही होत नाही.

ती झोळी धाकट्या बहिणीची, असं मी समजून होतो. पण ते कधीच जुळत नव्हतं. बहीण झाली तेव्हा आम्ही गाव सोडून इथं हर्सूलला पत्र्याच्या खोलीत आलो होतो. ती सरकारी दवाखान्यात झाली, आणि तिला शेजाऱ्यांकडून आणलेला लोखंडी पाळणा होता. त्या वेळी मी साडेचार वर्षांचा होतो. तेवढ्या उंचीच्या मुलाला झोळीत डोकावता आलं असतं. पत्र्याला आढं नव्हतं, फटीतून येणारी उन्हाची पट्टीही नव्हती. इतकी वर्षं मी ती तफावत तशीच ठेवली होती. आता कळलं, झोळी त्या अकरा दिवसांच्या मुलीची होती, आणि मी तेव्हा अडीच वर्षांचा. अडीच वर्षांच्या मुलाला काही आठवत नसतं, असं म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन शहागंजला गेलो. आत्या तिथं मुलाच्या कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ रिक्षा थांबली. रिक्षावाला म्हणाला, “आराम से उतारो अम्मा को, आगे गड्ढा है.” आईच्या हातात स्टीलचा डबा होता. तो तिनं मला धरू दिला नाही.

आत्या खिडकीपाशी तक्क्याला टेकून बसली होती. आईपेक्षा दोन वर्षांनी लहान. जीभ मात्र अजून वीस वर्षांची.

“या वहिनी. आज कसं काय, वाट चुकला का?”

“काम हाय तुमच्याकडं, वन्सं. बारसं हाय.”

“कुणाचं?” आत्या माझ्याकडं वळली. “का रे, या वयात?”

मी घाईघाईनं फोन काढला आणि सगळं सांगितलं. झाड, चौकट, रिकामा रकाना. आत्या मध्ये एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. आईनं डबा उघडला. आत गव्हाच्या घुगऱ्या होत्या, बारशाला वाटतात तशा. सकाळी कुकर लावताना मला वाटलं होतं, आत्याला आवडतात म्हणून करतेय.

आत्यानं चिमूटभर घुगऱ्या हातावर घेतल्या आणि खाल्ल्या नाहीत.

“नाव तर मी तवाच ठरवलं व्हतं,” ती म्हणाली. “बारशाच्या सकाळच्या एसटीनं आले मी. सगळ्या वाटंनं नाव घोकत व्हते, इसरंल म्हणून नाय, आवडलं व्हतं म्हणून. स्टँडवर तुझा बाप उभा. मला वाटलं, वा, बारशाला भाऊ न्यायला आला. हासले मी त्याच्याकडं बघून. तो नाय हासला.”

खालच्या दुकानात कुणीतरी कापड टराटरा फाडलं.

“नाव पोटातच राह्यलं अन् टोपडं पिशवीत. मंग दोन वर्षांनी धाकटी झाली. मला दुसरं नावच सुचंना बाई. तेच ठेवलं. टोपडं बी तेच घातलं. सांगितलं नाय कुणाला. वहिनीला तर नायच.”

“टोपड्याला डांबरगोळीचा वास येत व्हता,” आई म्हणाली. “नव्या टोपड्याला कशाला येईल? मला तवाच कळलं व्हतं.”

पन्नास वर्षं एका घरच्या म्हणवणाऱ्या या बायका, एकीनं लपवलं, दुसरीनं ओळखलं, आणि दोघींनी ते तसंच ठेवलं. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या मधल्या सतरंजीवर पडलं होतं.

“चला,” आत्या म्हणाली. “आण तो फोन. कान कुठंय त्याचा?”

मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला. तिनं कपाळावर पदर ओढला, वाकली, आणि बारशाला म्हणतात तसं ‘कुर्रर्र’ केलं. मग नाव सांगितलं, हळू, खरोखर कुणाच्या कानात सांगावं तसं. आणि माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईनं, रीत म्हणून, तिच्या पाठीत धपाटा घातला.

“हळू की वो! हाडं हायेत नुसती.”

“माझी बी हाडंच हायेत. मला बी लागलं.”

मी नाव लिहिलं. फिकट बटण निळं झालं. मी ते दाबलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण बहिणीनं नको म्हणून सांगितलं आहे.

बुधवारी दुपारी कामावर डबा खात होतो, तेव्हा तिचाच जालन्याहून फोन आला.

“भाऊ, तुझ्या त्या झाडावर मी दोन वर्षांनी मोठी कशी झाले? नवऱ्यानं बघितलं अन् सकाळपासून मला अहो-जाहो करतोय.”

मी डबा बाजूला ठेवून ॲप उघडलं. आईच्या खाली परत तीनच चौकटी होत्या. मधली नव्हती.

झालं होतं असं. एकाच आई-वडिलांच्या पोटी एकाच नावाच्या दोन मुली बघून ॲपला शंका आली. त्यानं विचारलं, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? हा प्रश्न सगळ्यांनाच जातो. भावानं गावी बसून ‘होय’ दाबलं, आणि दोघींची एक झाली. जन्माचं साल आधीचं राहिलं, बाकी सगळं नंतरचं.

मी भावाला फोन लावला. तो उसाला पाणी देत होता, मागं मोटारीचा आवाज होता.

“अरे, नाव एक, आई-बाप एक. मला वाटलं तुझं बोट दोनदा लागलं. म्हटलं आवरून ठेवावं.”

मी त्याला सांगितलं की ती कोण होती. त्यानं मोटार बंद केली.

“म्हाईत हाय मला,” तो म्हणाला. “सहा वर्षांचा व्हतो मी. सकाळी बापासंगं मळ्यात गेलतो. जागा बी म्हाईत हाय. त्या बांधावर मी अजून नांगर घालत नाय. पण आईपुढं कधी इषय काढला नाय. तिला रडू येईल म्हणून.”

“आई आपल्यापुढं काढत नव्हती, आपल्याला रडू येईल म्हणून.”

“व्हय,” तो म्हणाला. “आता ते परत येगळं कसं करायचं, ते सांग. मी केलंय, मीच निस्तरतो.”

त्याला रीत समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. माझी जेवणाची सुट्टी संपली होती.

बहिणीला मी घरी आल्यावर फोन केला. आई शेजारी होती, म्हणून आवाज मोठा ठेवला. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी जन्मभर दुसरीचं नाव लावून फिरले व्हय?”

आईनं फोन जवळ ओढला.

“अगं, धाकट्यानं थोरल्याचं वापरायचंच असतं. ह्यानं नाय का दादाच्या चड्ड्या घातल्या धा वर्षं?”

बहीण हसली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला. “आई, लग्नात सासरचे माझं नाव बदलायचं म्हणत होते ना. मी अडून बसले होते. का ते मलाच कळत नव्हतं. नुसतं वाटलं, हे सोडायचं नाही.”

फोनमधून दिसत नसतानाही आईनं मान हलवली.

आता चार चौकटी आहेत. दोन चौकटींत एकच नाव आहे. एकीखाली तीन मुलं आणि दोन नातवंडं आहेत, दुसरीखाली रेघ नाही. तिच्या जन्मापुढं मी फक्त साल लिहिलं आहे, ‘अंदाजे’सकट. जिवंत राहिलेले दिवस मात्र अकरा, तिथं अंदाजे नाही.

ॲपला अजून पटलेलं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ते परत विचारतं, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? प्रश्न कायमचा बंद करायची सोय मी शोधली, सापडली नाही. आता शोधतही नाही. दुपारच्या उन्हात आई गॅलरीत येऊन बसते आणि विचारते, “इचारलं का त्यानं?” विचारलं असेल तर फोन मी तिच्या मांडीवर ठेवतो. तिच्या बोटाची कातडी झिजली आहे, पडदा तिला पटकन ओळखत नाही. ‘नाही’ दोनदा, तीनदा दाबावं लागतं.

परवा तिचं बोट लागलंच नाही. मी म्हटलं, “दे इकडं, मी दाबतो नाही म्हणून.”

“दाब,” ती म्हणाली. “पण जोरात नको दाबू. त्याला बिचाऱ्याला काय म्हाईत?”