माउसशिवाय दवाखाना

लहान ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम घडवत नाही. कामाची धास्ती असते, धास्तीत माणूस काहीतरी वेड्यासारखं करतो, आणि काम संपलं की चहाबरोबर सांगायला तेवढंच उरतं. जळगावात एका मेडिकलच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. वेबसाइट बनवतो. माणसं तीन: मालक किशोरभाऊ, डिझाइन करणारा रिझवान आणि कोड लिहिणारी मी. हे सगळे किस्से एकाच कामाचे आहेत, धुळ्याच्या एका दवाखान्याच्या वेबसाइटचे.

अट अशी होती की अंध माणसालाही ती एकट्याने वापरता आली पाहिजे. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला आमचं पान समजलं पाहिजे. त्याचे जगभरचे नियम ठरलेले आहेत. शेवटी एक अंध बाई स्वतः तपासणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर काम पुण्याच्या कंपनीकडे. पहिल्याच दिवशी किशोरभाऊ शांतपणे म्हणाले, "हे गेलं तर आपल्याला एवढी मोठी जागा लागणार नाही." आमची जागा म्हणजे एक खोली. जागेचं निमित्त होतं, ते आमच्या दोघांच्या खुर्च्यांबद्दल बोलत होते. पुण्याची नोकरी सोडून मी आईसाठी परत आलेली. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

*

रिझवान सगळं हिंदी व्हिडिओ बघून शिकलेला, मी क्लासमध्ये. नियम मात्र इंग्रजीत, आणि वकिलाने लिहिल्यासारखे. मग रोज सकाळी एक नियम मोठ्याने वाचायचा आणि तिघांनी मिळून अर्थ लावायचा असं ठरलं. व्हिडिओत एक सांगितलेलं, नियमात दुसरंच. आदल्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवशी चुकीचं ठरायचं.

किशोरभाऊंना छळत होता 'मस्ट' आणि 'शुड' यातला फरक. मी सांगून सांगून थकले. शेवटी त्यांनीच विचारलं, "म्हणजे 'शुड' हे पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतात तसं का?"

रिझवान म्हणाला, भाऊ, याहून सोपं कुठल्याच व्हिडिओत नाही.

*

पहिल्यांदा ते वाचणारं सॉफ्टवेअर लावलं तेव्हा तिघंही स्पीकरकडे कान लावून बसलो होतो. मी सगळ्या डॉक्टरांच्या वेळा मराठीत नीट लिहिल्या होत्या. स्पीकरमधून आवाज आला: "टेन. टू. फाइव्ह. एट." मध्ये काहीच नाही. परत लावलं, परत तेच.

पान मराठीत आहे हे मी कोडमध्ये सांगितलंच नव्हतं. तिथे भाषा इंग्रजी लिहिलेली, म्हणून तो इंग्रजी आवाज मराठी अक्षरं गिळत होता आणि आकडे तेवढे वाचत होता. एका शब्दाची दुरुस्ती, पण ती सापडेपर्यंत दुपार गेली.

रिझवान एवढंच म्हणाला, "मला वाटलं, मटक्याचा आकडा फुटला."

*

अंध माणूस माउस वापरत नाही, सगळं कीबोर्डवर करतो. ते आमच्या अंगवळणी पडावं म्हणून किशोरभाऊंनी एका सकाळी तिन्ही माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवले, कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात घालून पाचोऱ्याला निघून गेले. मुलीच्या सासरी कार्यक्रम होता. फोन केला तर म्हणाले, बरं झालं, आता शिकाल.

मी अपॉइंटमेंटचं पान उघडलं. टॅबचं बटण दाबत दाबत कॅलेंडरपर्यंत पोचले, तारीख निवडली, आणि तिथेच अडकले. टॅब दाबावं तर पुढची तारीख, परत दाबावं तर त्याच्या पुढची. महिना संपला की पुन्हा एक तारखेवर. बाहेर पडायला वाटच नव्हती, कारण ती मी ठेवलीच नव्हती. शेवटी कॉम्प्युटर बंद करावा लागला. मला रडू यायचं बाकी होतं. एखादी अंध बाई अशीच अडकली तर ती काय करणार?

रिझवानने मान हलवली. "कोर्टासारखं आहे, मनीषाताई. तारीख मिळते, सुटका नाही."

*

दवाखान्याचे एक विश्वस्त होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांना फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं हवी होती. कमी दिसणाऱ्यांना ती दिसणार नाहीत, नियमात बसत नाहीत, असं आम्ही परोपरीने सांगितलं. नाना म्हणाले, मला या वयात स्वच्छ दिसतंय. त्यांना दुखावलं तरी काम जाणार, ऐकलं तरी जाणार.

रिझवानने आदराने विनंती केली की नाना, वरचा फोन नंबर तेवढा वाचून दाखवा. नानांनी घडाघडा वाचला.

"नाना, तो तुमच्या घरचा नंबर आहे. काल मी तो काढून तिथे दुसरा टाकलाय."

नाना पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. मग म्हणाले, "काळं कर."

*

फोटोंमागे कोडमध्ये वर्णन लिहावं लागतं, म्हणजे ते वाचून दाखवता येतं. एका मार्गदर्शक पानावर लिहिलं होतं, फोनवर कोणाला सांगाल तसं लिहा. रिझवानने तसंच लिहिलं. पहिली मीटिंग मोठ्या डॉक्टरांसमोर, आवाज पूर्ण मोठा, आणि मशीन खणखणीत बोललं: "टक्कल असलेले गृहस्थ, रागावलेले."

मी जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "केस होते तेव्हाचा फोटो पाठवू का?"

*

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. तपासणाऱ्या शोभाताई सोनगीरच्या, शाळेत गाणं शिकवणाऱ्या. सोबत त्यांचे दीर होते. माणूस भला. वहिनींना कुठेही जायचं तर मीच असतो, असं अभिमानाने सांगत होते. ताईंना काही विचारलं तरी उत्तर दीरच देत होते.

ताईंनी हेडफोन लावला आणि मला शेजारी बसवलं. दिरांना म्हणाल्या, तुम्ही चहा घेऊन या, मला वेळ लागेल. किशोरभाऊ आणि रिझवान त्यांना घेऊन खाली गेले.

ताईंची बोटं टॅबवर चालू लागली. आवाज त्यांनाच ऐकू येत होता, मला फक्त पडदा दिसत होता. विभागांच्या यादीत त्या खाली खाली गेल्या आणि एका नावावर थांबल्या. कुठल्या, ते मी इथे सांगत नाही. मला वाटलं, अडकल्या. तेवढ्यात त्यांनी एंटर दाबलं. डॉक्टर निवडले, तारीख निवडली, कॅलेंडरमधून बाहेर पडल्या. 'त्रास काय आहे' या चौकटीत त्या बराच वेळ टाइप करत होत्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

पडद्यावर 'नोंद झाली' आलं. त्यांनी हेडफोन काढला. "चांगलं जमलंय. मी हो लिहून देते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, मग ही टेस्टची नोंद काढून टाकते. माउसला हात घातला.

जिन्यावर पावलं वाजली. तिघं गप्पा मारत वर येत होते. ताईंनी चाचपत माझं मनगट धरलं आणि आवाज अगदी खाली आणला आणि घरच्या अहिराणीत म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या ती. खरी शे."