पाटकरबाईंची लक्षणं

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला, ‘पाटकरबाई गेल्या.’ त्याखाली चित्रकलेच्या सरांनी विचारलं, ‘कुठे?’ सरांचा दोष नाही. बाई सतत कुठेतरी जातच असत; टेमघरच्या आपल्या खोलीत त्या झोपण्यापुरत्या. मला मात्र आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. चक्कर येऊन पडल्या, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या संध्याकाळी, त्यांच्या भाचीचा, मेधाचा, फोन आला. “काकू, आत्या...” एवढंच म्हणाली.

धामणकर नाक्याजवळच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. मध्ये प्लायवूडची भिंत आणि बाहेर कापड विणणाऱ्या लूमची खडखड, त्यामुळे दोघी ओरडूनच शिकवत असू. माझ्या मुलांना कविता आणि जीवशास्त्र एकदमच पाठ होई. एकदा पलीकडे ‘सजीव-निर्जीव’ चाललं होतं. कोन गावाहून येणारी वनिता उभी राहिली. तिचे वडील लूमवर कामाला होते. ती म्हणाली, “बाई, लूम पण जिवंत हाय. सूत खातो, हलतो, कचरा टाकतो. धागा तुटला का आपसूक थांबतो, म्हंजे त्याला कलतं.” माझा अख्खा वर्ग कविता सोडून भिंतीला कान लावून बसला. बाई म्हणाल्या, “पण लूमला पिल्लं होतात का?” “न्हाय.” “झालं तर. निर्जीव.” वनितानं जरा विचार केला. “मग बाई, तुम्हाला पण न्हायत.”

बाईंचं लग्न ठरून मोडलं होतं. शिक्षकखोलीत तो विषय कुणी काढत नसे. मी उठून त्यांच्या वर्गाच्या दाराशी पोचले तोच बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. एका लक्षणावरून निकाल द्यायचा नसतो. मीच घाई केली. ये, माझी बाकीची तपास.” मग त्यांनी श्वास घेऊन दाखवला, चालून दाखवलं, डब्यातली पोळी खाऊन दाखवली आणि दंड पुढे केला. “काढ चिमटा.” वनिता लाजली, पण मागची मुलं लाजणारी नव्हती. सगळ्या वर्गानं रांग लावून बाई सजीव असल्याची खात्री करून घेतली. शेवटी त्या म्हणाल्या, “आता लूमचं. त्याला पेशी नाहीत, तो वाढत नाही. आणि लाईट गेली की तो थांबतो, आली की पुन्हा चालू. आपण थांबलो की थांबलो.” मुख्याध्यापकांनी वनिताच्या वडिलांना बोलावायचं काढलं, तेव्हा बाईंनी बजावलं, “खबरदार. वर्गात विचार करणारी तेवढी एकच आहे.”

निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात आम्ही दोघी बँकेत हयातीचा दाखला द्यायला जात असू. खडूनं झिजलेला बाईंचा अंगठा एका वर्षी मशीनवर उमटेचना. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, मशीन तुम्हाला घेत नाहीये.”

“म्हणजे मी जिवंत नाही?”

“सिस्टीमप्रमाणे... नाही.”

“अरे, मशीन निर्जीव. त्यानं माझा निकाल द्यायचा?” बाईंनी काउंटरच्या काचेवर जोरात फुंकर घातली. काच धूसर झाली. “हे श्वसन. हात हलवते, ही हालचाल. तुझा राग आलाय, ही चेतनाक्षमता. आता उत्सर्जन तेवढं राहिलं. ते इथे दाखवू, की साहेबांना बोलावतोस?”

साहेब धावतच आले आणि दाखल्यावर स्वतः सही केली.

परतताना रिक्षात बाई एकदम म्हणाल्या, “वनिता तेव्हा बोलली ना, ते मला लागलं होतं हो.”

“मग?”

“मग काय, घरी जाऊन रडायचं ठरवलं होतं. पण दंड इतका ठणकत होता की शेकण्यातच वेळ गेला.” आणि एवढ्या हसल्या की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं, “क्या हुआ, मॅडम?”

सगळं आटोपल्यावर मेधा आणि मी टेमघरच्या खोलीवर गेलो. चष्मा टेबलावर, छत्री दाराशी. ओट्यावर ओल्या फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. मेधानं गाठ सोडली. कडवे वाल. बाईंनी बिरड्यासाठी भिजवून बांधले होते, आणि त्या दवाखान्यात असताना त्यांना लांबलचक मोड आले होते. मेधा तिथेच खाली बसली. इतका वेळ कोरडी होती, आता रडली.

वाल आम्ही माझ्या घरी आणले. सुतकात बिरडं चालतं का, असं मेधानं विचारलं. मला माहीत नव्हतं. परातीत पाणी घेऊन दोघी वाल सोलायला बसलो. वाल बोटांतून निसटून जमिनीवर उड्या मारत होते आणि मेधा ते पकडता पकडता हसत होती. कांदा-लसूण घातला नाही. मोड फार वाढल्यामुळे बिरडं जरा जास्तच कडू झालं.

दोघींनी पुन्हा वाढून घेतलं.