डोली नको, वाट करा

घोंगडीचा धुरकट वास आला की मला सिद्धगडाखालच्या आमच्या वाडीत काठी आपटणारी माझी सासू आठवते. त्या वर्षी वाडीमागचा डोंगर भेगाळला होता, म्हणून पावसाळ्याआधी म्हाताऱ्यांना खालच्या शाळेत उतरवायची तालीम ठेवली होती. गाडीरस्ता नाहीच, तरण्या पोरांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि पहिली हाक सासूला मारली. ती जागची हलली नाही. "डोलीतून आजारी उतरतो, नायतर मढं. मी दोन्ही नाय. उतरवायचं हाय तर वाट करा रे, मी माझ्या पायानं जाईन!" पोरं हसली, मी चिडले, तोवर तिनं स्वतःच कुदळ उचलली. मग लाजेकाजेस्तव सगळी वाडी राबली. घसरणीवर दगडी पायऱ्या बसल्या, कडेनं दोर बांधला गेला. त्या श्रावणात डोंगर खरंच खचू लागला, तेव्हा अंथरुणाला खिळलेले एक आजोबा तेवढे डोलीतून आले, बाकी सगळे म्हातारे भर पावसात तो दोर धरून चालत उतरले, सासू सर्वांत पुढे. आता सासू नाही आणि म्हाताऱ्यांत माझीच गणती होते; आज तालमीला पोरांनी घोंगडी बांधली आणि मलाच विचारलं, "काकी, बसता का?" मी दोराला हात घातला आणि म्हटलं, "वाट सोडा."