न घेतलेला थंडा

धाकट्या भावासाठी मुलगी बघायला आई, तो आणि मी ईट गावाला गेलो, तेव्हा माझ्या पर्समध्ये माझी स्वतःची बाटली होती. कोम्बुचा. म्हणजे आंबवलेला चहा. धाराशिवात आता किराणा दुकानातसुद्धा बिनसाखरेचा सोडा मिळतो, मी तर त्याच्याही पुढं गेले होते. थंडा सोडून वर्ष झालेलं, आणि भेटेल त्याला साखरेवर भाषण द्यायचं खूळ डोक्यात शिरलेलं.

भाऊ गावाकडं मेंढरं राखतो. मुलगी त्याला आतून येतानाच आवडली, ते त्याच्या तोंडावरच दिसलं. ती थंड्याचे ग्लास घेऊन आली. तिचे वडील म्हणाले, "घ्या ताई, गार हाय तवर."

"अगं बाई! हे विष आमी पीत न्हाय," मी हसत म्हणाले. पर्समधली बाटली काढून सगळ्यांसमोर प्याले. आईला शुगर आहे म्हणून तिच्याही हातातला ग्लास काढून घेतला. वर विचारलं, "ह्यात साखर किती असती, ठाऊक हाय का?"

"आमाला काय ठाऊक ताई, पाव्हण्याला देत्यात म्हणून दिलं," वडील ओशाळून म्हणाले. भावानं मात्र त्याचा ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

आठवड्यानं मामाचा मला फोन आला. स्थळ त्यानंच आणलं होतं. "बायकांनी ग्लासाला तोंड लावलं न्हाय, म्हंजी पोरगी पसंत न्हाय, असंच समजले ती माणसं. नको तर नको म्हणायचं, विष कशाला म्हणायचं गं?"

तेव्हाच ईटला जाऊन मुलीच्या वडिलांचे पाय धरायला हवे होते. मी लाजेनं चार दिवस घालवले, तोवर मुलीचं दुसरीकडं जमलं. घरी एवढंच सांगितलं, त्यांचा नकार आला.

भाऊ म्हणाला, "मेंढरामागं हिंडणाऱ्याला कोण पोरगी देईल, अक्का? त्याच्यामुळंच असंल."

"व्हय, असंल," मी म्हणाले. मेलं माझं तोंड! नको तिथं एवढं चाललं, आणि इथं नेमकं खोटं बोललं.

गेल्या महिन्यात त्यानं सगळी मेंढरं विकली. पुण्यात कंपनीत लागतो म्हणाला. टेम्पोत एकेक मेंढरू चढवताना त्याला रडू आवरत नव्हतं. मी शेजारी उभी राहून पिल्लं उचलून देत होते, आणि तरीही खरं काय ते बोलले नाही.